सरळ केलेला ओढा पुन्हा वळणावर आणताना

ओढ्याला पसरायला जागा हवी असते. खोली त्याला आपण देतो, त्याने मागितलेली नसते. उत्तर सोलापूर तालुक्यातून सीना नदीकडे जाणाऱ्या एका ओढ्याचा किलोमीटरभर तुकडा पुन्हा वळणांवर आणण्याचं काम आम्ही केलं, आणि त्यातला जवळपास प्रत्येक निर्णय या एका गोष्टीपाशी येऊन थांबत होता. जिल्ह्यात आणखी कुणी असं काम हाती घेणार असेल तर मापं, कामाचा क्रम आणि कुठे काय बिघडतं हे हाताशी असावं, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

आधी इथला पाऊस समजून घ्यायला हवा. जिल्ह्याची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि सगळ्यात ओला महिना सप्टेंबर. मृग-आर्द्रा कोरडी जाऊ शकतात. ओढा खऱ्या अर्थाने येतो तो उत्तरा-हस्तात, तोही एखाद्या रात्रीत दोन्ही थड्या भरून. १४ ऑक्टोबर २०२० चा पाऊस किंवा सप्टेंबर २०२५ मधला सीनेचा पूर ज्यांनी पाहिला त्यांना हे वेगळं सांगायला नको. जानेवारी उलटला की पात्र कोरडं. त्यामुळे इथे जे बांधाल आणि जे लावाल, त्याला दोन परीक्षा द्याव्याच लागतात, पहिला पूर आणि पहिला उन्हाळा. बारमाही नद्यांसाठी लिहिलेल्या रीती इथे जशाच्या तशा लावता येत नाहीत, त्याचं कारण हेच.

ओढ्याची मूळ लांबी या टप्प्यात १,३५० मीटर होती आणि तेवढ्यात तो साडेचार मीटर उतरायचा. खोलीकरणात वळणं कापली गेली, लांबी १,००० मीटरवर आली, उतरण मात्र तेवढीच राहिली. हजारी ३.३ चा उतार हजारी ४.५ झाला. शिवाय पात्र तीन मीटर खोल आणि वर १४ मीटर रुंद झालं, म्हणजे पुराचं पाणी शेजारच्या मळईवर (काठच्या सखल, गाळाच्या जमिनीवर) पसरण्याऐवजी सगळं या खोदलेल्या चरातूनच धावायला लागलं. पाण्याची तळावरची ओढ किती, हे काढायचा हिशेब सोपा आहे. पात्राची जलीय सरासरी खोली (पाण्याच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ भागिले भिजलेल्या तळ-काठांची लांबी) मीटरमध्ये, गुणिले उतार, गुणिले ९,८१०; उत्तर येतं ते न्यूटन प्रति चौरस मीटर. साधारण पाऊण न्यूटनाला एक मिलिमीटर आकाराचा गोटा हलतो असं धरायचं. मूळ ओढा काठोकाठ भरल्यावर ही ओढ २२ च्या आसपास येते, म्हणजे ३० मिलिमीटरचे गोटे जेमतेम हलतात. सरळ चर भरून वाहताना सरासरी खोली १.७ मीटर धरली तर ७५ येते, आणि मग मुठीएवढे दगडही जागेवर राहत नाहीत. तळ खरवडत जातो. तो खरवडला की वरच्या अंगाला कडा तयार होतो आणि दर पुराला वर सरकतो. आमच्या टप्प्याच्या वरच्या टोकाला असा कडा १.८ मीटर उंच झाला होता. तो तसाच सोडला असता तर वरचा चांगला राहिलेला ओढाही त्याने खाल्ला असता.

विहिरींवरचा परिणाम लोकांना उशिरा कळतो. चराचा तळ जेव्हा पाणी धरणाऱ्या मुरमाच्या थराखाली जातो, तेव्हा पावसाळ्यानंतर शेजारच्या रानातलं भूजल चरात झिरपून निघून जातं. चरात डिसेंबरपर्यंत पाणी दिसतं म्हणून लोक समाधानी असतात, पण ते पाणी त्यांच्याच विहिरींचं असतं.

कामाची सुरुवात जुना ओढा शोधण्यापासून होते. गट नकाशा सगळ्यात उपयोगी, कारण ओढा जिथे दोन गटांची किंवा दोन शिवारांची हद्द होता तिथे ती हद्द अजून वळणावळणाने जाते, जमिनीवर चर सरळ असला तरी. त्यावर भारतीय सर्वेक्षण विभागाचा पन्नास हजारी नकाशा ठेवायचा. नान्नजच्या बाजूला पत्रक क्रमांक ४७ ओ/१३, सोलापूर शहर ४७ ओ/१४. अमेरिकेच्या कोरोना उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात काढलेली छायाचित्रं १९९५ मध्ये खुली झाली. त्यांत खोलीकरणाच्या कितीतरी आधीचं पात्र दिसू शकतं. मग प्रत्यक्ष रानात फिरायचं. शिंदीची वाकडी रांग, बांधाला कारण नसताना आलेला बाक, विहिरीच्या भिंतीत दिसणारा गोट्यांचा थर आणि फेब्रुवारीत ज्वारी पिवळी पडत असताना चंद्रकोरीच्या आकारात हिरवा राहिलेला पट्टा, या चार खुणा मिळाल्या की जुनं वळण नक्की होतं. गावातल्या जाणत्यांना डोहांची नावं विचारावीत. नाव असलेला डोह बहुधा वळणाच्या बाहेरच्या अंगाला असतो.

दुसरी पायरी म्हणजे नमुन्याचा टप्पा. कड्याच्या वर चारशे मीटरपर्यंत ओढा मूळ स्थितीत होता, मापं तिथून घेतली. पाहायची ती काठोकाठची पातळी, म्हणजे ज्या उंचीनंतर पाणी पात्र सोडून मळईवर जायला लागतं ती. आतल्या वळणावरच्या गोट्यांच्या थराचा माथा आणि लव्हाळा संपून हराळी सुरू होते ती रेषा या त्याच्या विश्वासू खुणा. झुडपांत अडकलेला पालापाचोळा पाहून पातळी ठरवू नये. तो मोठ्या पुराचा असतो आणि पात्र दीडपट मोठं धरलं जातं. सहा ठिकाणच्या आडव्या छेदांतून आमच्याकडे काठोकाठ रुंदी ८ मीटर आणि सर्वाधिक खोली ०.९ मीटर आली. हजारी ३.३ उतार आणि ०.०४ खडबडीतपणा धरून मॅनिंगच्या सूत्राने वेग सेकंदाला १.१ मीटर आणि विसर्ग साडेसहा घनमीटरच्या जवळ येतो.

गोट्यांची मोजणी वोलमन यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या पद्धतीने करायची. पात्रात आडवंतिडवं चालत प्रत्येक पावलाला खाली न बघता बुटाच्या टोकाशी जो दगड लागेल तो उचलायचा आणि त्याची मधली बाजू मोजायची, सगळ्यात लांब नाही आणि सगळ्यात आखूडही नाही. शंभर दगड झाले की चढत्या क्रमाने लावून मधला बघायचा. तो ३० मिलिमीटरचा निघाला. वरच्या हिशेबात मूळ ओढा ३० मिलिमीटरचेच गोटे जेमतेम हलवतो असं आलं होतं. दोन्ही आकडे जुळले की काठोकाठची पातळी बरोबर धरली गेली असं समजावं. ते जुळत नसतील तर पुढे जाऊ नये, मापं पुन्हा घ्यावीत.

आता आराखडा. एका पूर्ण वळणाची लांबी पात्राच्या रुंदीच्या दहा ते बारा पट, वळणाची त्रिज्या अडीच पट, आणि एका खळाळापासून (गोट्यांवरून पाणी उथळ वाहतं त्या जागेपासून) पुढच्या खळाळाचं अंतर पाच ते सात पट ही सर्वसाधारण प्रमाणं आहेत. आठ मीटर रुंदीला त्यांतून ८० ते ९५ मीटरचं वळण, २० मीटरची त्रिज्या आणि ४० ते ५५ मीटरवर खळाळ मिळतो. पण कागदावरचं वळण जमिनीत बसायला पट्टा लागतो. जुन्या वळणदारपणासाठी, म्हणजे सरळ अंतराच्या १.३५ पट लांबीसाठी, ५० मीटर रुंद पट्टा हवा होता. सरकारी नाल्याची जागा आणि काठच्या शेतकऱ्यांनी सोडलेली पड धरून ३५ मीटर जमला. त्यात १.२ चा वळणदारपणा बसतो. लांबी १,२०० मीटर होते, आणि हजारी ३.३ ने त्यात चार मीटर उतरतात. उरलेला अर्धा मीटर दगडी उंबऱ्यांवर, म्हणजे पात्रात आडव्या रचलेल्या दगडांच्या पायऱ्यांवर, उतरवावा लागतो, एकावर जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर. म्हणून चार उंबरे. जागा मिळत असेल तर उंबरा टाळून वळण वाढवावं असं आमचं ठाम मत आहे. उंबरा दगडांचा असतो आणि कधीतरी निखळतो.

तळ किती वर आणायचा, हे खालच्या टोकावर ठरतं. आमच्या टप्प्याच्या शेवटी जुना सिमेंट नाला बंधारा आहे, आणि त्याच्यामागे गाळ बसून तो जवळपास भरलेला होता. त्याच्या सांडव्याची पातळी हा खालचा टेकू आणि कड्यावरच्या मूळ ओढ्याचा तळ हा वरचा. या दोन पातळ्या जोडल्या की मधला चर सरासरी दीड मीटर भरावा लागतो, कडा आपोआप बुडतो आणि काठालगतची उरलेली उंची कापून पाणी पसरायला सखल पट्टा करता येतो. टप्प्याच्या खाली असा पक्का टेकू नसेल तर भराव करूच नये. खालून नवा कडा चढतो आणि सगळं काम उलगडत वर येतो.

गावातला आक्षेप इथे येतो, आणि तो रास्त आहे. चर बुजवला तर साठलेलं पाणी जाईल. त्याचा हिशेब मांडून दाखवावा लागतो. नऊ मीटर रुंद चरात मीटरभर पाणी किलोमीटरभर थांबलं तर ९,००० घनमीटर. उन्हाळ्यात सोलापुरात उघड्या पाण्यावरून रोज १० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त बाष्पीभवन होतं, म्हणजे ते मीटरभर पाणी फार तर शंभर दिवसांचं. याउलट दोन्ही बाजूंना दोनशे मीटरपर्यंत भूजल मीटरभर वर आलं, तर कुजलेल्या खडकात दोनच टक्के पाणी मावतं असं धरूनही ८,००० घनमीटर होतात, आणि त्याला ऊन लागत नाही. ग्रामसभेत ठरावापूर्वी ही दोन गणितं फळ्यावर मांडली की चर्चा रुळावर येते.

कागदपत्रांत वेळ जातो, पण त्याबद्दल लिहिण्यासारखं थोडं आहे. ग्रामसभेचा ठराव, भूमी अभिलेखकडून मोजणी करून खुणा, तहसील आणि मृद व जलसंधारण विभागाला पत्र. मुरूम जागेवरच वापरणार असाल तरी अर्जात तसं स्पष्ट लिहा, कारण गौण खनिजाची वाहतूक हा वेगळा विषय होतो. आणखी एक काम याच वेळी उरकायचं. ओढा ओलांडणाऱ्या शेतीच्या पाइपलाइन कुठून कुठे आणि किती खोल जातात, याची यादी. नवा तळ पाइपच्या वरून किमान ९० सेंटिमीटर जायला हवा. नाहीतर पहिल्या पुरात पाइप उघडा पडतो, शेतकरी त्यावर काँक्रीट टाकतो, आणि आराखड्यात नसलेला पक्का बांध तयार होतो.

मातीकाम ज्वारीची काढणी झाल्यावर, मार्चमध्ये सुरू करून मेअखेर संपवायचं. वळवाचा एक मोठा पाऊसही अर्धवट काम वाहून नेऊ शकतो. खोलीकरणात निघालेला मुरूम काठावर ढिगांत पडलेला असतो, भरावाला तोच वापरायचा. आमच्या टप्प्याला १५,००० घनमीटर लागला, म्हणजे ५,३०० ब्रास. अमेरिकेत फ्लोरिडातल्या किसिमी नदीचा कालवा १९६२ ते १९७१ मध्ये झाला. तो पुन्हा बुजवताना त्यांनीही काठावर टाकलेलीच माती परत कालव्यात लोटली. बाहेरून माती आणायला लागली तर खर्च आवाक्याबाहेर जातो.

भराव ३० सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर पाणी मारून आणि दाबून. पोकलेनवाले एकदम दीड मीटर लोटून वरून दोन फेऱ्या मारतात, ते चालू द्यायचं नाही. सैल भरावात पाणी तळाखालून निघून जातं आणि वरचे खळाळ कोरडे दिसतात. नीट दाबूनही भराव बसतो, म्हणून दहा टक्के उंची जादा ठेवावी.

खरी धोक्याची जागा म्हणजे नवं पात्र जिथे बुजवलेल्या चराला आडवं ओलांडतं ती. पाण्याला जुनी सरळ वाट आवडते. तिथे चराच्या अंगात १० ते १५ मीटर लांबीची चिकण मातीची बुचं भरावी लागतात. आपल्याकडे काळी माती मुबलक आहे, पण ती उघडी ठेवली तर उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि बूच गळतं. तिच्यावर किमान ६० सेंटिमीटर मुरूम हवा. माती वापरण्याआधी एक चाचणी करायची. काचेच्या पेल्यात डिस्टिल्ड वॉटर घेऊन त्यात वाळलेलं ढेकूळ सोडायचं आणि न हलवता तासभर ठेवायचं. ढेकूळ नुसतं विरघळून खाली बसलं तर चालेल. त्याच्याभोवती दुधी ढग पसरला तर ती चोपण माती आहे, बुचात किंवा काठात अजिबात वापरू नये. ती पाण्यात आतून विरत जाते आणि काठाला बिळं पडतात.

पाण्याच्या वाटेपासून दहा-पंधरा मीटर दूर राहिलेले चराचे तुकडे बुजवायची गरज नाही. त्यांत साचलेलं पाणी बेडकांना पुरतं.

मातीकाम खालून वर करत जायचं, कारण प्रत्येक पातळी तिच्या खालच्या पातळीवर टेकलेली असते. ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) रोज जागेवर हवी, दर पाच मीटरवर स्टाफ (उभी मोजपट्टी) लावून वाचन, आणि फरक पाच सेंटिमीटरच्या आत. १५ सेंटिमीटरच्या उंबऱ्यात दहाची चूक झाली तर तो पाण्याखाली बुडतो किंवा माशाला चढता येणार नाही असा धबधबा होतो.

खळाळासाठी गोट्यांचा थर ४० ते ५० सेंटिमीटर जाड. ढिगातलाच माल चाळून निम्मा २० ते ६० मिलिमीटरचा, तीस टक्के ६० ते १५० चा आणि उरलेला वीस टक्के बारीक मुरूम-वाळू. बारीक माल हवाच. नुसते स्वच्छ गोटे टाकले तर पाणी त्यांच्या आतून जातं आणि वर काही दिसत नाही. टँकरचं पाणी सोडून बारीक माल फटींत बसवून घ्यायचा, पाणी वरून वाहायला लागेपर्यंत. चाळलेली वाळू वेगळा ढीग करून रात्रभर ठेवू नये. सकाळी ती तिथे नसते.

डोह वळणाच्या बाहेरच्या अंगाला, खळाळाच्या माथ्यापासून ७० सेंटिमीटर खोल. वरून येणारं पाणी थांबलं की असा डोह बाष्पीभवनानेच अडीच महिन्यांत आटतो, म्हणजे मार्चपर्यंत कोरडा. म्हणून जिथे मातीकामात झरा लागला तिथले डोह जास्त खोल ठेवले, दोन मीटरपर्यंत. मे महिन्यात मरळ आणि झिंगे जगतात ते अशाच डोहांत, आणि पुढच्या पावसात सगळ्या ओढ्यात पसरतात. अशा डोहात मोटारीचा फुटबॉल (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या टोकाची झडप) टाकायचा नाही, हे ग्रामसभेच्या ठरावातच लिहून घ्यावं.

उंबऱ्याचे दगड ६० ते ९० सेंटिमीटरचे, खाणीतले धारदार. रानातले गोल धोंडे एकमेकांत अडकत नाहीत. हातोडा मारून बघायचा. खणखणीत आवाज आला तर घ्यायचा, बद्द आला तर तो कुजका आहे आणि दोन उन्हाळ्यांत फुटेल. खाली पायाची ओळ तळात पूर्ण गाडलेली, तिच्यावर माथ्याची ओळ जराशी वरच्या अंगाला सरकवून. उंबऱ्याचा आकार वरनं पाहिल्यावर कमानीसारखा, बाक प्रवाहाच्या वरच्या दिशेला आणि मधला दगड सगळ्यात खाली. त्यामुळे पाणी काठांपासून सुटून मध्यावर येतं. दोन्ही टोकं काठात किमान दोन मीटर गाडायची. उंबरा मोडतो तो बहुतेक वेळा मधून मोडत नाही, पाणी टोकाला वळसा घालून काठ फोडतं. वरच्या अंगाला जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड) आणि त्यावर मुरूम-गोटे भरले नाहीत तर दगडांच्या फटींतून माती निघून जाते आणि उंबरा चाळणीसारखा उभा राहतो.

काठांचा उतार सगळीकडे सारखा ठेवणं ही ठेकेदाराची आवड असते, ओढ्याची नव्हे. आतल्या वळणावर पाचास एक किंवा त्याहून सपाट, बाहेरच्या वळणावर दीड-दोनास एक. काठ ढासळतो तो पायथ्यापासून, म्हणून खर्च पायथ्यावर करायचा. बाभळीच्या वाळलेल्या फांद्यांचे २५ ते ३० सेंटिमीटर जाडीचे, तीन मीटर लांबीचे भारे काथ्याने बांधून पायथ्याशी निम्मे गाडायचे आणि दर मीटरला खुंट्या ठोकायच्या. त्यांत गाळ अडकतो आणि लव्हाळा स्वतःहून येतो. वर ७०० ग्रॅम प्रति चौरस मीटरची काथ्याची चटई. आधी मारवेल आणि हराळी पेरायची, सोबत विरळ बाजरी पटकन सावली धरायला, मग चटई. चटईची वरची कड ३० सेंटिमीटरच्या चरात पुरून दाबली नाही तर पुराचं पाणी मागून शिरतं आणि सगळी चटई गुंडाळून नेतं. जोडावर वरच्या बाजूच्या तुकड्याने खालच्या बाजूचा तुकडा २० सेंटिमीटर झाकायचा. गोणपाट स्वस्त पडतं, पण त्याला वाळवी लागते आणि ते एका पावसाळ्यापुरतंच. प्लॅस्टिकची जाळी वापरू नये, तिच्यात साप आणि सरडे अडकून मरतात.

बाहेरच्या वळणावरचा एखादा उभा मातीचा काठ, ज्याच्या मागे पीक नाही, तसाच उघडा ठेवावा. वेडा राघू आणि खंड्या अशाच काठात बीळ करून घरटं करतात. सगळे काठ हिरवे केले तर त्यांना जागा उरत नाही.

वेड्या बाभळीचा प्रश्न स्वतंत्र आहे. नुसती तोडली तर बुडख्यापासून दहा फांद्यांनी फुटते. जमिनीखाली ३० सेंटिमीटरपर्यंत खोडाचा गड्डा काढावा लागतो. पण सगळी एकदम काढायची नाही. उभ्या काठावर आज तिचंच मूळ माती धरून आहे. तिथली दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, नवी झाडं रुजल्यावर काढायची. शेंगा शेळ्या खातात आणि लेंड्यांतून बी पसरतं, त्यामुळे रोपं येतच राहतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जमीन ओली असताना वीतभर रोप हाताने मुळासकट निघतं. दिवाळीनंतर कुदळ लागते.

लागवडीत आमचा मुख्य भरवसा निर्गुंडीवर होता. ती छाटावरून रुजते, पुरात लवते, मोडत नाही, आणि शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. अंगठ्याएवढ्या जाडीचे ६० ते ९० सेंटिमीटरचे छाट, खालचं टोक तिरपं कापून, तीन चतुर्थांश जमिनीत. कापल्या दिवशीच लावायचे, नाहीतर रात्रभर पाण्यात ठेवायचे. डोळे वरच्या दिशेलाच असावेत. घाईत उलटे लावलेले छाट फुटत नाहीत. वाळुंजही असाच लावता येतो, पण त्याला कायम ओल लागते, म्हणून फक्त झऱ्याच्या डोहांपाशी. वाळ्याचे तीन-तीन फुटव्यांचे ठोंब १५ सेंटिमीटरवर, काठाला समांतर ओळीत, दोन ओळींत उंचीचा फरक मीटरभर.

सखल पट्ट्यात करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन आणि शिंदी, ४५ सेंटिमीटरचे खड्डे, तीन मीटर अंतर. करंजाचं बी जूनमध्ये थेट टोकलं तरी चालतं. जांभळाचं बी वाळवून ठेवायचं नाही, काही दिवसांत मरतं. वरच्या कडेला बाभूळ, हिवर, लिंब, तेही विरळ. त्यापलीकडे माळ सुरू होतो तिथे झाडं लावूच नयेत. नान्नजचं माळढोक अभयारण्य याच भूभागात आहे; इथला माळ गवताचा आहे आणि माळावरच्या पक्ष्यांना तो मोकळाच लागतो. वृक्षलागवडीचा आकडा वाढवण्यासाठी माळ भरून टाकणं हे नुकसानच.

पहिल्या उन्हाळ्यात रोपाला आठवड्याला १० लिटर पाणी आणि बुंध्याभोवती उसाच्या पाचटाचा दहा सेंटिमीटर थर. पाचट नोव्हेंबरनंतर टाकायचं. पावसाळ्यात टाकलं तर पहिल्याच पुरात वाहून पुढच्या उंबऱ्यात अडकतं. पट्ट्यात लोखंडी ट्री-गार्ड लावू नयेत. त्यांत काटक्या अडकतात, पाण्याचा जोर येतो आणि गार्डसकट रोप उपटून जातं.

चराई बंद ठेवायची तर जनावरांच्या पाण्याची सोय आधी करायची. मेंढपाळांशी बोलून त्यांची नेहमीची वाट जिथे उतरते तिथेच चार मीटर रुंदीचा, आठास एक उताराचा दगड बसवलेला उतार खळाळावर सोडला. बाकी काठाला बाभळीच्या काट्याचं कुंपण. अशी वाट दिली नाही तर कुंपण दहा ठिकाणी फुटतं.

पहिला पूर ओसरला की चिखल वाळायच्या आत पूर्ण टप्पा चालून बघायचा. उंबऱ्यांची टोकं, चटईची वरची कड आणि बुचांच्या जागा आधी. बुचाखाली ओलसर पट्टा किंवा छोटा खड्डा दिसला तर पाणी आतून वाट काढतंय. तेवढा भाग उकरून पुन्हा चिकण दाबायची, वरून मुरूम टाकून भागत नाही. खळाळावरचे गोटे थोडे हलणं, आतल्या वळणावर नवा थर बसणं, डोह अर्धा फूट खोल किंवा उथळ होणं याला हात लावू नये. ओढा आपली जागा नीट करून घेत असतो.

मोजणीसाठी दोन्ही काठांवर काँक्रीटच्या कायम खुणा पुरून ठेवायच्या आणि दर नोव्हेंबरला त्याच छेदांची पातळी घ्यायची. खळाळांवर शंभर गोट्यांची मोजणी पुन्हा. मधला गोटा दरवर्षी मोठा होत चालला तर बारीक माल वाहून जातोय आणि पात्राला अजून पसरायला जागा हवी आहे. लहान होत चालला तर वरून गाळ येतोय, आणि त्याचा उपाय वरच्या बांधांवर आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते, काठच्या विहिरी त्याच महिन्यांत मोजल्या तर त्यांच्या आकड्यांशी तुलना करता येते. विहिरीच्या कठड्यावर रंगाने खूण करून नेहमी तिथूनच दोरी सोडायची, आणि मोटार बंद करून किमान बारा तास झालेले असावेत. तुलनेसाठी ओढ्यापासून लांबच्या, वेगळ्या पाणलोटातल्या दोन विहिरीही धरायच्या. नाहीतर पाऊस चांगला झाला म्हणून आलेलं पाणी ओढ्याच्या खात्यावर जमा होतं.

कुंपण तिसऱ्या पावसाळ्यानंतर काढायला हरकत नाही, निर्गुंडी डोक्यावर गेली असेल तर. त्यानंतर पट्ट्यातलं मारवेल कापून न्यायला काठच्या शेतकऱ्यांना मोकळीक ठेवली आहे. कापणी बी गळल्यावर, नोव्हेंबरअखेरीस, आणि विळ्याने. ग्रासकटरने कोवळ्या करंजांचे शेंडे जातात.